वादाळ खंय पोचला?

कोकणच्या किनाऱ्यावर हल्ली दर वाडीला एक हवामानतज्ज्ञ असतो. पूर्वी एक वैदू, एक भटजी आणि एक कोर्टकज्जे जाणणारा गृहस्थ एवढ्यावर वाडीचं भागायचं. हा चौथा गेल्या दहाएक वर्षांत उगवला. त्याची पात्रता काय, तर त्याच्या मोबाईलवर 'विंडी' असतं आणि त्याच्या मागच्या पडवीत रेंज येते. मे महिना अर्धा सरला की तो रात्री जेवून हात धुतल्या धुतल्या मोबाईल आडवा धरतो, दोन बोटांनी अरबी समुद्र मोठा करतो आणि लक्षद्वीपच्या वर कुठे जांभळं भोवरं दिसलं, की अंगणात येऊन खाकरतो. त्या खाकरण्याचा अर्थ आता वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळतो. चार घरची माणसं गडग्यापाशी जमतात आणि पहिला प्रश्न येतो, "वादाळ खंय पोचला?"

आमच्या वाडीत (तालुका देवगड; गावाचं नाव सांगत नाही, पुढे बऱ्याच जणांच्या अब्रूचा प्रश्न आहे) हे पद माझ्या चुलतभावाकडे आहे. तो पेशाने वायरमन. वारा सुटला की वीज जाते आणि वीज गेली की त्याला खांबावर चढावं लागतं, तेव्हा हवामानात त्याचा जीव अडकलेला असणं साहजिक आहे. त्याला कुठूनसं कळलं, की मोबाईलमधलं वादळ एक नसतं. एक युरोपियन मॉडेलचं असतं, एक अमेरिकन मॉडेलचं असतं, आणि दोघांचं एकमेकांशी पटेलच असं नाही. हे त्याने वाडीत जाहीर केलं, आणि तिथपासून वाडीत दोन तट पडले. निवृत्त गुरुजी युरोपियन, कारण अमेरिकेचं काही खरं नसतं असं त्यांचं निक्सनच्या काळापासून मत आहे. पिठाच्या गिरणीवाले अमेरिकन, कारण गुरुजी युरोपियन.

ही मॉडेलं दर सहा-बारा तासांनी नवी निरीक्षणं घेऊन सगळं गणित पहिल्यापासून मांडतात. त्यामुळे सकाळी देवगडच्या दीपगृहावर आदळणारं वादळ दुपारी हर्णैला असतं आणि रात्री जेवणाच्या वेळेला ओमानला. आठ-दहा दिवसांपुढच्या अशा चित्रावर विसंबू नये, हे या विद्येतला कोणीही जाणकार सांगेल. पण उद्याच्या चित्रात नुसते करडे ढग असतात आणि दहा दिवसांनंतरच्या चित्रात जांभळं, लाल, काळं असं सगळं असतं. लोक कुठलं बघणार?

ओमानचं मात्र खरं आहे. अरबी समुद्रात उठलेल्या बऱ्याच वादळांचा ओढा वायव्येकडे, म्हणजे ओमान-येमेनकडे असतो. 2007 चं गोनू तिकडे गेलं, 2018 चं मेकुनू सलालाला गेलं. आमच्या वाडीला याचं जराही नवल वाटत नाही. इथे जन्मलेलं जे काही अंगापिंडाने मजबूत निघतं, ते शेवटी मस्कतलाच जातं. माझे दोन मावसभाऊ तिकडेच आहेत. वादळ तिकडे वळलं की त्यांच्या आया इकडे देव पाण्यात ठेवतात, आणि इकडे वळलं की ते दोघे तिकडून फोन करतात. वादळ कुठेही गेलं तरी काळजी आमच्याच घरी मुक्कामाला असते.

या साऱ्या गडबडीत सरकारी हवामान खात्याचं पत्रक केव्हाच येऊन पडलेलं असतं. ते कोणी वाचत नाही. खात्याबद्दल बोलायचं तर महाराष्ट्रात एकच विनोद चालतो : वेधशाळेने पाऊस सांगितला म्हणजे छत्री घरी ठेवावी. हा विनोद माझे आजोबा करत, वडील करत, आणि परवा गिरणीवाल्यांच्या आठवीतल्या नातवाने केला. खातं 1875 सालचं आहे, 2025 मध्ये त्याला दीडशे वर्षं झाली. विनोदही साधारण त्याच वयाचा असावा. मधल्या काळात खात्याने उपग्रह आणले, डॉप्लर रडार बसवलं, महासंगणक घेतले. विनोदाने काहीच आणलेलं नाही.

खात्याच्या पत्त्यांनी मात्र शंका घ्यायला जागा ठेवली आहे, हे मान्य करायला हवं. कोकणातल्या माणसाच्या तोंडी आजही 'पुण्याच्या वेधशाळेने सांगितलं' असंच येतं. पुण्यात जिथे खात्याची माणसं बसतात, त्या इमारतीचं नाव सिमला ऑफिस. खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं, पुढे 1944 मध्ये दिल्लीला गेलं, आणि पुण्यात नाव, घड्याळाचा मनोरा आणि बसथांबा राहिला. चक्रीवादळाचा इशारा निघतो दिल्लीहून. समुद्रात लाटा किती उंच उठणार, हे सांगणारी संस्था आहे हैदराबादला. म्हणजे समुद्र आमचा, वादळ आमचं, आणि ते ओळखणारी माणसं अशा गावांत, की जिथे ओला बोंबील मिळायची मारामार. मुंबईतलं कुलाबा तेवढं समुद्राला लागून. आमच्या शेजारच्या तांडेलांनी, म्हणजे मच्छीमार होडीच्या म्होरक्यांनी, हे ऐकलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "लांबसून बरा दिसता." यात टोमणा होता असं मला वाटलं. पुढे कळलं, की ते शब्दशः खरं बोलले होते : वादळाचा डोळा नीट दिसायला छत्तीस हजार किलोमीटर वर जावं लागतं, उपग्रह तिथे असतो.

वादळाची सरकारदरबारी बढतीही रीतसर होते. आधी कमी दाबाचं क्षेत्र. वाऱ्याने ताशी 31 किलोमीटर गाठले की डिप्रेशन, 50 ला डीप डिप्रेशन, 62 ला चक्रीवादळ, 89 ला तीव्र, 118 ला अतितीव्र. ही चढण प्रत्येकाला जमत नाही. बहुतेकजण खालच्याच पायरीवर निवृत्त होतात, आणि जाता जाता एखाद्या लग्नाचा मांडव भिजवतात. 'बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र निर्माण झाल्यामुळे' हे शब्द महाराष्ट्रातल्या वधूपित्यांनी एवढ्यांदा ऐकले आहेत, की तो उपसागर त्यांना विहिणीच्या बाजूचा वाटतो.

नाव मिळतं ते 62 ओलांडल्यावर. त्याआधी नाही. हा नियम साधा आहे, पण पाळण्यात अडचण अशी की वृत्तवाहिन्यांना निनावी वादळ दाखवता येत नाही. 2025 च्या मे महिन्यात अरबी समुद्रात जरा कुठे हालचाल दिसली, की लगेच 'शक्ती' वादळ कोकणावर येणार म्हणून ओरडा सुरू झाला. यादीत पुढे ते नाव होतं एवढंच. हवामान खातं सांगत राहिलं, बाबांनो, चक्रीवादळ नाही, त्यामुळे नाव नाही. पोटुशीचं पोट दिसायच्या आत बारशाचे पेढे वाटून झाले होते. प्रत्यक्षात जे आलं ते 24 मेला रत्नागिरी आणि दापोलीच्या मधून जमिनीवर चढलं आणि डिप्रेशनच्या वर गेलं नाही. पाठोपाठ 26 मेला मान्सून मुंबईत पोचला, आजवरच्या नोंदींत सर्वात लवकर. आंबा झाडावर, लाकडं अंगणात, कौलं अर्धी चाळलेली, आणि पाऊस हजर. खरं शक्ती ऑक्टोबरात आलं. ते किनाऱ्यापासून लांब पश्चिमेला गेलं, तिथेच घुटमळलं आणि विरलं. तोवर आमच्या वाडीत लोक म्हणत होते, "ता मे महिन्यात येवन गेला मा?"

नावं द्यायची हे मुळात ठरलं ते 2000 साली, मस्कतच्या बैठकीत. (मस्कतच. आमच्या वाडीचा संबंध सुटत नाही.) पहिलं नाव प्रत्यक्ष वापरलं गेलं 2004 मध्ये. आता तेरा देशांनी प्रत्येकी तेरा नावं दिलेली 169 नावांची यादी आहे, आणि नाव छोटं, उच्चारायला सोपं आणि कोणाला न दुखावणारं असावं अशी अट आहे. उच्चाराच्या अटीवर म्यानमारने 'तौक्ते' दिलं. 2021 च्या मे महिन्यात ते आलं तेव्हा तौक्ते, तौते, टाउटे, ताउते असं चार वाहिन्यांवर चार नावांनी येत होतं, आणि माझ्या आत्येला बरेच दिवस वाटत होतं की चार वादळं एकदम आली आहेत.

आता आईकडे येतो, कारण हवामानाच्या अंदाजाची खरी गिऱ्हाईक ती. तिला वायरमनचं जांभळं भोवरं नको असतं आणि दिल्लीचं पत्रकही नको असतं. तिचा प्रश्न एकच, "वाळवण घालूचा काय नको, ता सांग." मेच्या अखेरीला आमच्या अंगणात आमसुलं, आंबोशी, साठं आणि तांदळाचे पापड असा मोठा ऐवज सुपांतून आणि चटयांवरून पसरलेला असतो, आणि अर्ध्या तासाची सर त्या सगळ्याची माती करू शकते. मी पत्रक काढून वाचतो : 'दक्षिण कोकणात तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस.' ती विचारते, "तुरळक म्हणजे आमचा अंगण?"

खात्याच्या हिशेबात याला चोख उत्तर आहे. एखाद्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर तुरळक ठिकाणी. पन्नासपर्यंत काही ठिकाणी. पंचाहत्तरपर्यंत अनेक ठिकाणी. त्यापुढे बहुतेक सर्व ठिकाणी. मी हे आईला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुका म्हायत नाय." मग बाहेर जाऊन तिने मुंग्या बघितल्या, वारा खालून येतोय का वरून ते बघितलं, शेजारणीने काय घातलंय ते बघितलं, आणि अर्धं वाळवण घातलं. पंचवीस टक्के शक्यतेला अर्धं वाळवण. संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाला विचारलं तर तो फार तर 'थोडं जास्त घातलं असतं तरी चाललं असतं' म्हणेल.

पण तिच्या प्रश्नातली मेख अवघड आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि त्याच मुंबईत, वीस-पंचवीस किलोमीटरवर, कुलाब्याला 73. एक माणूस दादरच्या पुढे पोहत होता आणि दुसरा कुलाब्यात चहा पीत 'आज बरा पडला' म्हणत होता. दोघांच्या अंगणांना एकच वाक्य लागू पडावं असं वाक्य कुठून आणायचं? तरी आम्हाला ते हवं असतं, आणि त्यात आपल्या घराचा क्रमांकही हवा असतो.

रंगांचं तर विचारूच नका. पिवळा, नारिंगी, लाल हे पावसाचे रंग आहेत असं सगळ्यांना वाटतं. ते तयारीचे रंग आहेत : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे उठा आणि कामाला लागा. पण शाळेतल्या मुलांनी याचं स्वतःपुरतं सुलभीकरण केलं आहे. लाल म्हणजे सुट्टी, नारिंगी म्हणजे कदाचित सुट्टी, पिवळा म्हणजे नशीब खोटं. लाल इशारा आला की जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी देतात आणि दुसऱ्या दिवशी हमखास लख्ख ऊन पडतं. मग पालक खात्याला नावं ठेवतात, मुलं खात्याला आशीर्वाद देतात. कोणीतरी गेल्या वर्षीचं सुट्टीचं पत्र तारीख खोडून पुन्हा व्हॉट्सॲपवर फिरवतो. वर्गशिक्षिका ते पत्र खरं की खोटं हे विचारायला मुख्याध्यापकांना फोन करतात, आणि मुख्याध्यापक वायरमनला.

निसर्ग वादळाच्या वेळची गोष्ट यापेक्षा गंभीर, पण सुरुवात तशीच झाली. 2020 चा जून. टाळेबंदी होती, माणसं घरात होती, टीव्ही चालू होते. खात्याच्या पत्रकात आदल्या दिवशीच स्पष्ट लिहिलेलं होतं : हरिहरेश्वर आणि दमणच्या दरम्यान, अलिबागच्या जवळ, 3 जूनच्या दुपारी. लोकांनी त्यातून 'मुंबई' ऐकलं. मुंबईत खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या मारल्या गेल्या. वार्ताहर रेनकोट घालून समुद्राकडे पाठ करून उभे राहिले. ठाण्याहून आत्येचा फोन आला, "अरे, कोकणात हाहाकार चाललाय म्हणे! तू आहेस कुठे?"

"पडवीत. आमसुलं आत घेतोय."

"टीव्हीवर माड उडताना दाखवतायत!"

"आमचे सगळे जागेवर आहेत गो."

"मग ते कोणाचे?"

ते माड बहुधा कुठल्याशा परदेशातले असावेत. त्यांच्यामागे जी घरं दिसत होती तसली कोकणात कोणी बांधत नाही. पण त्याच वेळी खरे माड खरोखर पडत होते, आणि तिथे कॅमेरा नव्हता. वादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं, ताशी 110-120 किलोमीटरच्या वाऱ्याने. आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. ते ईशान्येकडे चाललेलं असेल तर त्याच्या उजव्या अंगाला, म्हणजे दक्षिणेकडच्या किनाऱ्याला, वारा थेट समुद्रावरून आत घुसतो, आणि वादळाची स्वतःची चालही त्यात मिळते. उत्तरेच्या अंगाला वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, मार त्यामानाने कमी. मुंबई उत्तरेला होती. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड आणि खाली दापोलीचा किनारा दक्षिणेला होता.

त्या संध्याकाळी मुंबईतला सूर 'फुसका बार' असा होता. विनोद फिरत होते, वादळाने ई-पास काढला नाही म्हणून परत गेलं वगैरे. श्रीवर्धनहून काही प्रत्युत्तर आलं नाही, कारण तिथले मनोरे पडले होते, फोन बंद होते आणि वीज पुढे कित्येक दिवस यायची नव्हती. पिढ्यान् पिढ्यांच्या सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या होत्या. नवी सुपारी लावली तर फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. माझा वायरमन भाऊ मदतीच्या तुकडीबरोबर तिकडे गेला आणि परत आल्यावर त्याने बरेच दिवस 'विंडी' उघडलं नाही. अंदाज अलिबागचा होता आणि वादळ अलिबागजवळ आलं, हे मात्र आजही माझी आत्या मान्य करत नाही. तिच्या मते अंदाज चुकला, कारण ठाण्यात काही झालं नाही.

खातं म्हणतं त्याप्रमाणे चोवीस तास आधी सांगितलेल्या वादळाच्या वाटेत सरासरी पाऊणशे किलोमीटरच्या आसपास फरक पडतो. समुद्रात हजार किलोमीटर चालून येणाऱ्या वादळाच्या मानाने हे फारच थोडं. पण पाऊणशे किलोमीटरमध्ये आमच्याकडे दोन-तीन तालुके, पाच-सहा खाड्या आणि किमान दोन आमदार बसतात.

मुंबईला एका वादळाचं फार वाईट वाटायला हवं, ते म्हणजे 1882 चं. त्या वर्षीच्या जूनमध्ये मुंबईत चक्रीवादळ येऊन लाखभर माणसं मेली, असं जगभरातल्या आपत्तींच्या कितीतरी याद्यांत लिहिलेलं असतं. अलीकडे संशोधकांनी जुन्या नोंदी आणि त्या काळची वर्तमानपत्रं धुंडाळली, तर असं वादळ झाल्याचा कुठलाच पुरावा मिळाला नाही. लाख माणसं एका शहरात मरतात आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात अवाक्षर नाही, हे आजच्या मुंबईतसुद्धा जमणार नाही. तेव्हा न झालेल्या वादळाची बातमी व्हॉट्सॲपने शोधून काढली, असं कोणी म्हणू नये. ही परंपरा जुनी आहे.

या सगळ्या कोलाहलात एकच वर्ग असा, जो अंदाज अंदाजासारखा वापरतो, आणि तो म्हणजे आमचे मच्छीमार. शेजारच्या तांडेलांना मी एकदा मोठ्या उत्साहाने वायरमनचं भोवरं दाखवलं आणि विचारलं, "तांडेलानू, काय वाटता?" त्यांनी मोबाईल हातात घेतला नाही. म्हणाले, "मी बावटो बघान इलंय. तीन नंबरचो लागलो हा." आणि होडीचे दोर वाढवायला निघून गेले.

बंदरावरच्या या इशाऱ्यांना सगळा किनारा बावटा म्हणतो. प्रत्यक्षात दिवसा शंकू आणि नळकांडी टांगतात, रात्री लाल-पांढरे दिवे. एक आणि दोन म्हणजे लांब समुद्रात काहीतरी शिजतंय. तीन म्हणजे बंदराला वादळी वाऱ्याचा धोका. पाचपासून धोका, आठपासून मोठा धोका, आणि प्रत्येकात वादळ बंदराच्या डावीकडून जाणार, उजवीकडून जाणार की अंगावरूनच, याचा वेगळा आकडा. दहापर्यंत हे सारं शिस्तीत चालतं. अकरा नंबरचा अर्थ असा, की हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे आणि परिस्थिती भयंकर आहे असं बंदरावरच्या अधिकाऱ्याला स्वतःलाच वाटतं. सरकारी कारभारात इतकी प्रामाणिक तरतूद मी दुसरी पाहिलेली नाही. 'वरून काही कळत नाही, पण मला भीती वाटते' याला अधिकृत क्रमांक आहे.

तीनचा बावटा लागला की देवगडचं बंदर भरतं. दोन्ही अंगांनी आडोसा असल्यामुळे ते किनाऱ्यावरचं हक्काचं आश्रयस्थान, आणि गुजरातपासून कर्नाटकपर्यंतच्या नौका आत येऊन उभ्या राहतात. चार दिवस धक्क्यावर गुजराती, कानडी, मालवणी असा कालवा असतो. डिझेल संपतं, विड्या संपतात, बाजारात अंडी महाग होतात. एरवी मासेमारीच्या हद्दीवरून एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एकाच टपरीवर वडापाव खातात. कोणी 'वादळ आलंच नाही, फुकट चार दिवस गेले' असं म्हणत नाही. नुकसान होतं, ते बोलून दाखवतात, पण खात्याला शिव्या घालत नाहीत. कारण 2009 चं फयान त्यांच्या लक्षात आहे. 11 नोव्हेंबरला ते मुंबई आणि अलिबागच्या दरम्यान जमिनीवर आलं, पण त्याआधी आमच्याच समुद्रावरून गेलं होतं. खोल दर्यात असलेल्या होड्यांपर्यंत निरोप नेणारं धड साधन नव्हतं. काही होड्या आल्याच नाहीत. आमच्याकडे अजून 'फयानच्या आधी' आणि 'फयानच्या नंतर' अशी कालगणना चालते; माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न फयानच्या नंतरचं.

तौक्तेच्या वेळी उलट झालं. इशारे वेळेवर होते, मच्छीमार परत आले होते, कोकणच्या होड्या बंदरात होत्या. मुंबईपासून दूर तेलविहिरींच्या भागात पी-305 नावाचा तराफा मात्र समुद्रातच राहिला, बुडाला, आणि त्यावरची सत्तरहून अधिक माणसं गेली. वादळ कुठे जाणार हे कळलेलं होतं. याच्यावर विनोद होत नाही.

पंचांगाचं काम हवामान खात्यापेक्षा कितीतरी सुखाचं. मृगाचं वाहन गाढव, आर्द्रेचं वाहन उंदीर, असं एकदा छापलं की वर्षभर चिंता नाही. गाढव दक्षिण कोकणात तुरळक ठिकाणी की अनेक ठिकाणी, हे कोणी विचारत नाही. वाहन चुकलं म्हणून पंचांगकर्त्याकडे मोर्चा गेल्याचं मी ऐकलेलं नाही. गुरुजी, जे युरोपियन मॉडेलचा एक-एक मिलिमीटर तपासतात, ते पंचांगातल्या बेडकाला मान तुकवतात. मी विचारलं तर म्हणाले, "तो अंदाज नव्हे रे, ती परंपरा."

आणि भर पावसात, जेव्हा आम्ही खरंच बुडालेले असतो, तेव्हा वादळं येत नाहीत ही आणखी गंमत. जुलै-ऑगस्टात बाष्प भरपूर असतं, पण खाली वारा पश्चिमेकडून आणि वर उंचावर पूर्वेकडून वाहतो. उभं राहू पाहणाऱ्या वादळाचं धड एकीकडे जातं आणि डोकं दुसरीकडे. म्हणून चक्रीवादळं यायची ती मे-जून किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. याला अपवाद करायचाच म्हणून 2024 च्या ऑगस्टअखेरीला कच्छजवळ 'असना' तयार झालं. अरबी समुद्रात ऑगस्टात चक्रीवादळ होण्याची ही 1976 नंतरची पहिली वेळ. वायरमनने त्या रात्री इतक्यांदा खाकरलं, की वहिनीने त्याला आडुळशाचा काढा दिला.

एक विनंती करतो आणि थांबतो. पुढच्या वादळाच्या वेळी कोकणातल्या नातेवाईकाला फोन करायचा असेल तर जरूर करा, पण आधी खात्याचं पत्रक वाचा. त्यात जिल्ह्याचं नाव असतं. टीव्हीवरच्या माडामागे कुठली घरं दिसतात तेही बघा. आणि नावावरून गोंधळ होऊ देऊ नका. 169 नावांच्या त्या यादीतली तिसरी रांग 'अर्णब' या नावाने सुरू होते. ते बांगलादेशने 2020 मध्येच देऊन ठेवलेलं आहे, आणि त्याचा कुठल्याही वृत्तवाहिनीशी संबंध नाही.